सड्यावरच्या सायकलीला ट्यूबलेस चाकं: कामाच्या नोंदी

सायकल हार्डटेल (पुढे शॉक, मागे नाही), २९ इंची, ॲल्युमिनियम फ्रेम. हब (चाकाचा मधला तुंबा) पुढे १०० मिमी आणि मागे १३५ मिमी रुंद, क्विक रिलीजचे (हाताने सुटणारा आस), दोन्हीकडे सहा बोल्टची डिस्क. चालवणाऱ्याचं वजन ७४ किलो. वापर गोव्यात फोंड्याच्या आसपासचे सडे (जांभ्याची उघडी पठारं), काजूच्या बागायतीतल्या वाटा आणि अधूनमधून केरीहून चोर्ला घाट.

अडचण अशी: ट्यूब असताना मागची हवा ३५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) खाली गेली की जांभ्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटून जोडछिद्रं पडायची. ३५ ला ठेवली तर कोरड्या खडीवर चाक पकड धरत नव्हतं. हवा कमी करायची तर ट्यूब काढणं आलं, म्हणजे ट्यूबलेस: टायर थेट रिमवर हवाबंद बसवायची आणि आत सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा पातळ चीक, घालायचा.

२ सप्टेंबर

खरेदीआधी मोजमाप. २९ म्हणजे मणी (टायरची रिममध्ये बसणारी जाड कड) बसतो तो व्यास ६२२ मिमी, आणि २९ची टायर घेताना बाजूवर ५७-६२२ किंवा ६१-६२२ असं (रुंदी-व्यास, मिमीत) कोरलेलं वाचायचं. २.२५ आणि २.४ हे इंचातले आकडे कंपनीगणिक सैल असतात, मिमीचे त्यातल्या त्यात भरवशाचे.

मागच्या फ्रेममध्ये टायरच्या रुंदीच्या जागी ७० मिमी मोकळी जागा. ३० मिमी रिमवर २.४ टायर ६१ मिमीच्या आसपास फुगते, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेचार मिमी. ओल्या लाल मातीत जांभ्याचे बारीक खडे असतात. इतक्या कमी जागेत ते अडकले की फ्रेमचा रंग आणि मग धातू घासत राहतात. त्यामुळे मागे २.२५ च, आणि तिच्यासाठी आतून २५ मिमी रुंदीची रिम. पुढच्या फोर्कमध्ये जागा भरपूर, तिथे ३० मिमी रिम आणि २.४. दोन्ही चाकांना एकसारख्या रिम हव्यात असा काही नियम नाही.

तयार चाकांची जोडीही शोधली. बाजारात आता बहुतेक सगळी बूस्ट मापाची आहेत: पुढे १५×११०, मागे १२×१४८ (आसाची जाडी × हबची रुंदी, मिमीत). जुन्या १३५ क्विक रिलीजसाठी जे मिळतं ते एकतर आतून १९ मिमी रिमचं, नाहीतर नुसतं महाग. सध्याचे हब कप-कोनचे (सुटे छरे कप आणि कोन यांच्यामध्ये फिरतात ते) आहेत आणि कोनवर खड्डे नाहीत. म्हणून हब तेच, रिम आणि स्पोक नवे.

४ सप्टेंबर

नवी रिम येईपर्यंत जुन्या रिमवर ट्यूबलेस जमतं का, हा प्रयोग. खूप जण हे करतात म्हणून इथे लिहून ठेवतो: जमलं नाही. जुनी रिम आतून १९ मिमी, मधली खोबण खोल, आणि कडेला मणी टेकायला सपाट पायरी नाही. रिमच्या तळाला लावायच्या हवाबंद टेपचे दोन थर देऊन तळ उचलला, हवाही धरली. पण २४ पीएसआयला टायर अंगठ्यांनी बाजूला रेटली की मणी खोबणीत घसरतो आणि फस्सकन हवा जाते. वळणावर हेच झालं तर माणूस करवंदीच्या जाळीत.

दुसरी गळती रिमच्या सांध्यातून. ही रिम पिना ठोकून जोडलेली आहे, वेल्ड केलेली नाही. साबणपाण्यात सांध्यावर बुडबुड्यांची रांगच दिसली. ट्यूबलेस-रेडी रिमला मण्यासाठी पायरी आणि पायरीच्या आतल्या काठाला बारीक उंचवटा असतो. तो उंचवटा मण्याला आत पडू देत नाही. टेप कितीही चांगली असली तरी ते काम तिचं नव्हे.

टेप वाया, अर्धा दिवस वाया.

६ सप्टेंबर

रिम दोन, ३२ भोकांच्या, ॲल्युमिनियमच्या, वेल्ड केलेल्या: ७,८०० रुपये. कार्बन विचारात घेतलं नाही. जांभ्यावर रिम आपटणार हे ठरलेलं. ॲल्युमिनियमला पोचा पडला तर बऱ्याचदा पान्याने काठ सरळ करता येतो, कार्बनला तडा गेला की रिम बाद.

निपल (स्पोक रिमशी आवळणारे बारीक नट) पितळेचे. ॲल्युमिनियमचे हलके पडतात, पण खाऱ्या हवेत ओलावा मध्ये आला की स्टेनलेस स्पोकच्या आट्यांवर ते आतून कुजतात. पांढरी भुकटी दिसते, आणि एक दिवस पाना लावला की निपलचं डोकं हातात. सीलंट टेपखाली झिरपलं तर काम आणखी लवकर. किनाऱ्यापासून फोंड्याइतकं आत आलं तरी पावसाळ्यातला ओलावा पुरेसा आहे.

टायर निवडताना बाजू आधी बघितली, नक्षी नंतर. १२० टीपीआयची (कापडात इंचाला इतके धागे) पातळ हलकी टायर हातात मऊ लागते आणि गुळगुळीत वाटेवर मस्त पळते. पण इथे मधल्या रबराला काटे टोचतात ते सीलंट भरून काढतं. खरा खर्च होतो तो बाजू चिरली की. जुन्या चिरेखाणींच्या कडा आणि सड्यावरचे उघडे जांभे बरोबर त्याच उंचीवर घासतात. म्हणून ६० टीपीआय आणि बाजूला जादा कापडाचा थर असलेली टायर. मॅक्सिसमध्ये त्या थराला ईएक्सओ म्हणतात, इतरांची नावं वेगळी. बाजूवर ‘ट्यूबलेस रेडी’ किंवा ‘टीआर’ छापलेलं असायलाच हवं. साध्या टायरचा मणी ढिला बसतो आणि बाजूतून हवा पाझरते.

नक्षी: पुढे कडेचे गट्टे ठळक असलेली, मागे मधले गट्टे जवळजवळ आणि बुटके असलेली. कोरड्या सड्यावर घट्ट तळावर सुटी खडी पसरलेली असते, तिथे उंच मऊ गट्टे वाकतात आणि चाक पोहतं. शेवाळलेल्या जांभ्यावर मात्र कुठलीच नक्षी कामाची नाही, त्यासाठी पैसे घालू नयेत.

दोन टायर ६,९०० रुपये. स्पोक-निपल मागवायचे बाकी. रिम हातात येऊन मोजल्याशिवाय ते मागवायचे नसतात.

२१ सप्टेंबर

चवथीत कुरियर अडकलं, रिम आता आल्या.

रिमचा परिणामी व्यास (समोरासमोरच्या निपलांत स्पोकची टोकं जिथवर पोचतात त्यांच्यातलं अंतर) कागदावर दिलेला असतो, तरी स्वतः मोजावा. दोन जुने स्पोक २५० मिमीवर कापले, निपल लावून समोरासमोरच्या भोकांत घातले, ताणून मधलं अंतर मोजलं. चार ठिकाणी मोजून सरासरी: पुढची ६०२, मागची ६०४. पुढच्या रिमच्या खोक्यावर ६०० छापलं होतं. त्या आकड्यावर मागवले असते तर पुढचे सगळे स्पोक मिलिमीटरभर आखूड पडले असते.

तीन फुलीच्या विणीसाठी (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकांना ओलांडतो) लांबीचा हिशोब: पुढे डावीकडे २९०.७, उजवीकडे २९१.७. मागे डावीकडे २९२.३, उजवीकडे २९१.१. दुकानात फक्त सम मापं. म्हणून पुढे डावीकडे २९०, उजवीकडे २९२. मागे डावीकडे २९२, उजवीकडे २९०. म्हणजे प्रत्येक मापाचे ३२, वर दोन-दोन जादा. मिलिमीटरभर आखूड चालतं, १२ मिमी निपलमध्ये आटे पुरतात. लांब पडलेला स्पोक मात्र ट्यूबलेसमध्ये घातक: टोक निपलच्या डोक्यावर आलं की टेपला खालून टोचत राहतं. स्पोक २.०/१.८/२.० जाडीचे, मधे बारीक. निपलसकट २,६०० रुपये.

२८ सप्टेंबर

आधी हब उघडले. पुढे प्रत्येक बाजूला ३/१६ इंची दहा छरे, मागे १/४ इंची नऊ. ग्रीसचा रंग तांबडा झाला होता. जुने छरे पुसून परत वापरू नयेत, नवे स्वस्त असतात. ग्रीस पाण्याला टिकणारं, बोटींसाठी मिळतं ते घातलं. असोळण्यापासून बेतूलपर्यंत कुठल्याही बोटवाल्याला विचारलं तर ते कुठे मिळतं ते कळतं.

मग वीण. स्पोकच्या आट्यांना आणि निपल बसतो त्या भोकांना तेलाचा थेंब. सगळे निपल आट्यांचा शेवटचा वेढा दिसेनासा होईपर्यंत सारखे, मग अर्धा-अर्धा वेढा. पुढच्या चाकात डिस्कमुळे डाव्या बाजूचे स्पोक उभे पडतात, तिथे ताण ११० किलो, उजवीकडे साधारण ७३. मागे उलट: गिअरच्या बाजूला ११०, डावीकडे ७०. डावी बाजू ढिली लागते म्हणून आणखी ताणायला जाऊ नये, रिम मध्यावरून सरकते. तो फरक हबच्या भूमितीचा आहे.

प्रत्येक फेरीनंतर समांतर स्पोकांच्या जोड्या मुठीत दाबून आवळल्या. पहिल्यांदा दाबल्यावर आउट (रिमचा वाकडेपणा) परत आला, दुसऱ्यांदा थोडा, तिसऱ्यांदा नाही. शेवटी बाजूचा आउट अर्ध्या मिमीच्या आत, उंचीचा पाऊण मिमी. मागच्या रिमच्या सांध्यावर उंचवटा राहिला, तो ताणाने जाणार नाही, सोडून दिला. टेन्शन मीटर भाड्याने आणि शेवटची तपासणी मिळून ८०० रुपये.

५ ऑक्टोबर

टेप. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

रुंदी: रिमच्या आतल्या मापापेक्षा ३ ते ५ मिमी जास्त. २५ ला २९ मिमी, ३० ला ३४ मिमी. टेप दोन्ही पायऱ्या झाकून भिंतीला टेकली पाहिजे. अरुंद टेपची कड मण्याखाली येते आणि टायर चढवतानाच उचकटते.

रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. घरात आहे म्हणून फेणीने पुसू नका, निम्म्याहून जास्त पाणीच असतं. पाऊस अजून चालू आणि हवेत दमटपणा इतका की पुसल्यावरही रिम ओलसर लागत होती. हेअर ड्रायरने कोमट करून घेतली. हे टाळलं तर गोंद धातूला न चिकटता ओलाव्याला चिकटतो आणि आठवड्याभरात टेप सरकते.

सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकाच्या समोरच्या बाजूने. रिम मांड्यांत धरून टेप चांगली ताणून, एका वेळी वीतभर, अंगठ्याने मधल्या खोबणीत दाबत. शेवट सुरुवातीच्या टोकावरून पुढे नेत १५ सेंमी एकावर एक. मग मऊ कापडाने कडेपर्यंत घासून बुडबुडे बाहेर काढले. ट्यूब घालून ४० पीएसआय भरून चाक रात्रभर ठेवलं, म्हणजे टेप खोबणीत आणि स्पोकच्या भोकांवर बसते.

६ ऑक्टोबर

ट्यूब एका बाजूने मणी सोडवून काढली, दुसरी बाजू बसलेलीच ठेवली. व्हॉल्व्हसाठी टेपला ब्लेडने फुली मारली. (या फुलीबद्दल पुढची नोंद बघा.) व्हॉल्व्हच्या बुडाचं रबर रिमच्या खोबणीच्या आकाराशी जुळलं पाहिजे: गोल बूड अरुंद खोबणीत, चौकोनी बूड रुंदीत. नट फक्त बोटांनी आवळायचा. पकडीने आवळला तर रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आली की तो सुटत नाही.

मण्याला साबणपाणी. उभ्या पंपाने मागची टायर बसली, पुढची २.४ नाही, हवा येते तितकीच जाते. उपाय: व्हॉल्व्हचा गाभा (आतली सुटी होणारी झडप) काढायचा, म्हणजे हवेला मोठी वाट मिळते. पेट्रोल पंपावर न्यायची असेल तर एक खोच आहे. प्रेस्टाचा (सायकलचा बारीक व्हॉल्व्ह) पितळी ॲडाप्टर गाभ्याच्याच आट्यांवर बसतो, गाभा काढला की तो लावायला जागा नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये जाऊन एअर गनचं रबरी टोक सरळ दांड्यावर दाबलं. टप, टप, टप करत मणी जागेवर. पीएसआयचा आकडा रिम आणि टायर या दोन्हींवर लिहिलेला असतो. त्यातल्या लहान आकड्याच्या वर जायचं नाही, आणि गन हातात असताना ३५ च्या आसपास थांबायचं. बसल्याची खूण म्हणजे बाजूची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते.

हवा सोडली, मणी जागेवरून हलले नाहीत. औषधाच्या दुकानातली ६० मिलीची सिरिंज आणि नळी घेऊन दांड्यातून सीलंट: पुढे ११० मिली, मागे १००. बाटली आधी मिनिटभर हलवायची, घन भाग तळाशी बसलेला असतो आणि भोकं तोच बुजवतो. मग गाभा, ३० पीएसआय, चाक फिरवून बादलीवर आडवं, एकेक बाजू पंधरा मिनिटं.

टेप, व्हॉल्व्ह, सीलंट, सिरिंज मिळून ३,२०० रुपये, त्यात ४ सप्टेंबरला फुकट गेलेली टेपही.

७ ऑक्टोबर

सकाळी मागचं ३० चं २८, ठीक. पुढचं ३० चं ११.

साबणपाण्याने शोधताना बुडबुडे कुठे येतात ते नीट बघावं, कारण हवा बाहेर पडते ती जागा आणि आत शिरते ती जागा एकच असेल असं नाही. पुढच्या चाकाला बुडबुडे व्हॉल्व्हपासून लांबच्या निपलांतून येत होते. व्हॉल्व्हचा नट कोरडा. वाटेल की टेप त्या निपलांवर फाटली आहे. टायर काढून बघितलं तर तिथे टेप शाबूत. फुलीची एक चीर व्हॉल्व्हच्या रबराबाहेर १२ मिमी पसरली होती. हवा तिथून टेपखाली, पोकळ रिममधून फिरून जिथे निपल सैल तिथून बाहेर. नुसत्या बाहेरच्या खुणेवर विसंबून निपलावर ठिगळ लावलं असतं तर आणखी एक दिवस गेला असता.

व्हॉल्व्हपाशी टेपचा नवा तुकडा चिकटत नाही, सीलंटचा ओलावा राहतो. पूर्ण टेप काढून नव्याने. भोक या वेळी सोल्डरिंग आयर्नच्या तापल्या टोकाने: कडा वितळून गोल बसतात, चीर पुढे जात नाही. खिळा तापवूनही होतं. मागची फुलीही उद्या फाटेल, म्हणून तीही बदलली.

९ ऑक्टोबर

दोन्ही चाकं २४ तासांत एकेक पीएसआय कमी. टायर फुगल्यावर रिम दाबली जाते आणि स्पोकचा ताण उतरतो, म्हणून मीटर परत लावला. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू सारख्याच उतरल्या होत्या, आउट नव्हता, हात लावला नाही. डिस्कवर सीलंटचा एक थेंब होता, अल्कोहोलने पुसला.

१९ ऑक्टोबर

हवेचा हिशोब. कुंडईच्या सड्यावर, खडी कोरडी. पुढे २४, मागे २७ पासून सुरुवात करून एकेक पीएसआय खाली. पुढचं २१ ला खडीवर टेकून वळतं, १९ ला वळणात टायर रिमवरून मुरडल्यासारखी वाटते. मागचं २४ ला चांगलं, २१ ला जांभ्याच्या पायरीवर रिमचा ठण्ण आवाज. ठरलं: पुढे २१, मागे २४. चोर्ला घाटातल्या डांबरासाठी दोन्हीत चार-चार जास्त.

गेज एकच वापरावा. पंपावरचा आणि हातातला तीन पीएसआयने वेगळे दाखवतात, आणि इथे तीन म्हणजे पकड आणि पोचा यांतला फरक. भरताना वेळही लिहावी: तापमान दहा अंश चढलं की २५ चं सव्वा पीएसआय वाढतं. सकाळच्या गारव्यात भरून दुपारी उन्हात बंद गाडीत ठेवलेली सायकल सड्यावर पोचेपर्यंत टणक होते.

२३ नोव्हेंबर

काटे. लाजाळू आणि करवंदीचे काटे सीलंट जागच्या जागी बुजवतं. मोडलेला काटा टायरमध्ये दिसला तर घरी पोचेपर्यंत उपटू नये, तो स्वतःच बूच असतो. कळकाचा काटा जाड, त्याचं भोक सीलंटच्या आवाक्याबाहेर गेलं. सायकलचं दीड मिमीचं बूच घातलं, टोकं रबराबरोबर न कापता ३ मिमी बाहेर ठेवली, पाच मिनिटांत बंद.

पंक्चरवाल्याकडची मोटरसायकलची तपकिरी दोरी सायकलला लावू देऊ नये. तिच्याबरोबरची खरबरीत कानस आधी भोक रुंद करते आणि पातळ कापडाचे धागे तोडते. त्यानंतर ती टायर ट्यूब घालूनच चालते.

बाजूला एक चीर, १० मिमी, मागे डावीकडे. बूच टिकत नाही. टायर काढून आतून ट्यूबचं ठिगळ सोल्युशनने. आधी सीलंट खरवडून कापड कोरडं करावं लागतं, नाहीतर ठिगळ उठतं. बाहेरून जाड नायलॉन दोऱ्याने चार टाके. जादा थर असूनही चिरली, पण धागे पूर्ण तुटले नाहीत म्हणून ठिगळावर भागलं.

११ जानेवारी

सीलंट तपासणी: गाभा काढून दांड्यातून केबल टाय आत सोडायचा, ओलं किती येतं ते बघायचं. पुढे थोडं, मागे टायशी फक्त ओलसर. दोन्हीत ६० मिली वाढवलं. सीलंटच्या बाटलीवरचा सहा महिन्यांचा दावा थंड देशांचा. इथे पावसाळा संपल्यापासून दर दोन महिन्यांनी बघायचं, मार्च ते मे दर सहा आठवड्यांनी.

व्हॉल्व्हचे गाभे लॅटेक्सने चोंदले होते. पुसण्यात वेळ घालवू नये, नवे घालावेत.

५ एप्रिल

वाढीव ५० मिली दोन्हीत. मागच्या टायरचे मधले गट्टे निम्मे झिजले, बाजूचे टाके शाबूत.

१४ जून

पाऊस सुरू झाला. टायर पूर्ण उतरवून आतली साफसफाई. वाळलेल्या सीलंटचे रबरी गोळे निघाले, पापुद्रा ओढून काढला. टेपच्या कडा जागेवर, व्हॉल्व्हचं भोक गोलच. पितळी निपल थोडे काळवंडले आहेत, सगळे पान्याने फिरतात. मागचा आउट एक मिमी आला होता, गिअरच्या बाजूचे तीन निपल पाव-पाव वेढा.

मागची टायर बदलली, पुढची चालेल. मागे सप्टेंबरपर्यंत २३ पीएसआय, सीलंट १२० मिली. फ्रीहबमधून (मागच्या हबचा एकाच दिशेने पकडणारा गिअरकडचा भाग) कुरकुर येते आहे, ते उघडायचं राहिलं आहे.